उरलेलं इंजिन

ठाण्याहून धुळ्याला आग्रा रोडने निघालं की शहापूरपर्यंत जमीन तशी समजूतदार असते. कसारा आला की ती एकदम उभी राहते. गाडीतल्या माणसाला त्याचं विशेष काही वाटत नाही; घाट चढला, इगतपुरीला चहा झाला, पुढे नाशिक. पण हाच पट्टा एका इंजिनाच्या विमानातून ओलांडताना, तानसा-भातसाचं पाणी मागे पडलं की वैमानिकाची नजर सारखी खाली जाते. इंजिन आत्ता थांबलं तर टेकायचं कुठे? खाचरं लहान, बांध उंच, त्यापुढे कडे आणि दऱ्या. पावसाळ्यात ढग उतरले की खालचं काही दिसतच नाही.

माझ्यासारख्या खासगी परवाना असलेल्या वैमानिकाने दोन इंजिनांचं विमान का घ्यावं, याचं माझं उत्तर या पट्ट्यात आहे. वेग, सहा खुर्च्या, रुबाब हे सगळं नंतर.

एका इंजिनाला मी कमी लेखत नाही. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन जुहूला उतरले, ते एकाच इंजिनाच्या पस मॉथमधून. नीट देखभाल केलेलं पिस्टन इंजिन सहसा दगा देत नाही, आणि खाली मोकळं रान असेल तर ते एकमेव इंजिन बंद पडूनही माणसं सुखरूप उतरतात. मीही धुळ्याच्या गोंदूर विमानतळावर शिकले ती एकाच इंजिनाच्या सेसनावर. पण घाटावरच्या ढगात, मागच्या सीटवर आई बसलेली असताना, मला हातात अजून एक पर्याय हवा होता.

तो पर्याय बाजारात तयार मिळतो असा माझा समज होता. बहुतेकांचा असतो. ठाण्यात कुणालाही सांगा, दोन इंजिनांचं विमान घेतेय, तर लगेच म्हणतील, "बरं झालं, एक बंद पडलं तर दुसरं आहेच." आहे, पण ते काय करू शकतं हे विमानागणिक बदलतं, आणि कागदावर ते स्पष्ट छापलेलं असतं. आम्ही शेवटी ज्या प्रकारच्या विमानापाशी थांबलो ते पायपरचं सेनेका टू. दोन्ही इंजिनांवर, पूर्ण वजनाला, समुद्रसपाटीला ते मिनिटाला साधारण १३४० फूट चढतं. एका इंजिनावर सव्वादोनशे. शक्ती निम्मी झाली, पण चढण्याची ताकद ऐंशी टक्क्यांहून जास्त गेली.

असं का होतं ते समजून घेतल्याशिवाय कुणी दोन इंजिनांच्या वाटेला जाऊ नये. घरात दोघं कमावते असतील आणि एकाची नोकरी गेली, तर घराचा हप्ता, किराणा, फी काही निम्मी होत नाही; जाते ती शिल्लक. विमानाचंही तसंच. नुसतं सरळ, उंची न गमावता उडायलाच बरीच शक्ती लागते, आणि वर चढणं होतं ते त्यातून उरलेल्या शक्तीवर. त्यात बंद इंजिनाचा पंखा वाऱ्याने फिरत राहिला तर तो उलट मागे ओढतो. मे महिन्यातल्या धुळ्याच्या दुपारी हवा तापून विरळ झालेली असते, तेव्हा त्या सव्वादोनशे फुटांतूनही वजावट होते.

म्हणून माझं मत असं झालं की दोन इंजिनांचं विमान बघायला जावं तेव्हा एक इंजिन मनातल्या मनात काढून ठेवावं, आणि जे उरेल ते विमान आपल्याला हवं आहे का ते बघावं. ते नको असेल तर दुसऱ्या इंजिनाचं पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

या एका कसोटीने निम्मी यादी गळाली. सेनेकाचंच बघा. पहिली सेनेका १९७१ च्या सुमाराची, लायकॉमिंग कंपनीची दोनशे अश्वशक्तीची साधी इंजिनं. पूर्ण वजनाला, एका इंजिनावर ती साडेतीन-चार हजार फुटांच्या आसपासच तग धरते. आणि आपलं कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट. उत्तरेला साल्हेर पाच हजारांच्या वर. ढगात असताना डोंगराळ भागात शिखरावर दोन हजार फूट राखायचे म्हटले तर साडेसात हजारांवर राहायला हवं, आणि हे विमान एक इंजिन गेलं की तिथून खाली सरकणार. वजन कमी असेल, वेळेत कोकणाच्या बाजूला वळलात, तर निभावेलही. पण ज्या डोंगरांसाठी मी दुसऱ्या इंजिनाचे पैसे मोजणार, त्याच डोंगरांवर ते मला पुरत नाही. विदर्भात किंवा गुजरातच्या सपाटीवर उडणाऱ्याला हेच विमान उत्तम ठरेल. सेनेका टू १९७५ मध्ये आली ती टर्बोचार्जर, म्हणजे वरची विरळ हवा दाबून इंजिनाला पुरवणारं यंत्र, लावलेली कॉन्टिनेन्टल कंपनीची इंजिनं घेऊन, आणि तिची एका इंजिनावरची मर्यादा १३४०० फुटांवर गेली. सह्याद्रीला एवढं पुष्कळ झालं.

बीचक्राफ्टचं बॅरन आवडलं होतं. डौलदार, वेगवान, पण खर्चाचा आकडा झेपेना. डायमंडचं डीए-४२ आजच्या काळातलं, डिझेल इंजिनाचं, विमानतळावर कुठेही मिळणारं जेट इंधन पिणारं. त्याची किंमत ऐकून विषय तिथेच संपला. राहिली सत्तरच्या दशकातली पिढी. जुन्या बाजारात तीच जास्त दिसते याला कारण आहे. अमेरिकेत त्या दशकातलं छोट्या विमानांचं उत्पादन १९७८ मध्ये शिखरावर होतं, वर्षाला जवळपास १८ हजार विमानं. मग मंदी आली, अपघातांचे दावे वाढले, आणि १९८६ मध्ये तर सेसनाने पिस्टन विमानं बनवणंच थांबवलं. त्या लाटेतली विमानं आज पन्नाशीच्या आसपास आहेत आणि बरीचशी अजून उडतात.

पन्नास वर्षांचं यंत्र विकत घेणं म्हणजे काय, हे मला थोडंफार कळतं. वागळे इस्टेटमध्ये आमचं मशिन शॉप आहे, बाबांनी सुरू केलेलं. शाफ्ट, बुश, स्पिंडल ही आमची कामं. तयार शाफ्ट पावसाळ्यात तेल फासून कागदात गुंडाळल्याशिवाय आम्ही रॅकवर ठेवत नाही, कारण ठाण्याच्या हवेत घासून चकचकीत केलेल्या पोलादाला गंज धरायला दोन रात्री पुरतात. ही साधी गोष्ट मला विमान बघताना सगळ्यात उपयोगी पडली.

सोबत काका होते. बाबांचे जुने मित्र, राहायला डोंबिवलीला, आयुष्यभर एएमई म्हणून काम केलेलं. म्हणजे विमानाची देखभाल करून ते उडायला योग्य आहे अशी सही करण्याचा परवाना असलेले इंजिनियर. आम्ही पहिलं विमान बघितलं ते फार देखणं होतं. नवा रंग, नवी लेदरची गादी, पॅनेलवर मोठा स्क्रीन. मध्यस्थ सारखा एकच सांगत होता, की ओव्हरहॉलनंतर, म्हणजे पूर्ण उघडून झिजलेले भाग बदलल्यानंतर, इंजिनं फारच कमी तास चालली आहेत. माझा भागीदार, नौपाड्यातला एक डेंटिस्ट, तेवढ्यावर हो म्हणायच्या बेतात होता.

काकांनी रंगाकडे बघितलंसुद्धा नाही. लॉगबुकं मागितली आणि हँगरच्या दारात, उजेडात, खुर्ची ओढून बसले. विमानाचं एक, दोन इंजिनांची दोन, दोन पंख्यांची दोन. पानं उलटताना बोट ओळीवर ठेवून वाचायची त्यांची सवय आहे.

"अगं, इथे बघ. या पानानंतर थेट चार वर्षांनी नोंद आहे. मधे विमान कुठे होतं?"

"उभं होतं," मध्यस्थ म्हणाला. "वापरच नव्हता. म्हणून तर तास कमी."

"कुठे उभं होतं?"

समुद्रकाठच्या एका विमानतळावर, उघड्यावर. इंजिनात टिकवणुकीचं तेल भरल्याची, सिलिंडर बंद करून ठेवल्याची एकही नोंद नव्हती. काका मला म्हणाले, "तुझा शाफ्ट चार पावसाळे उघडा ठेवशील?" आणि वही मिटली.

तास कमी म्हणजे इंजिन ताजं, हा गैरसमज पैसेवाल्या आणि हुशार माणसांनाही होतो. इंजिन चालतं तेव्हा तेल सगळीकडे फिरतं आणि तापून आतली दमट हवा निघून जाते. उभं राहिलं की तेल खाली उतरतं आणि सिलिंडरच्या भिंती उघड्या पडतात. लायकॉमिंगमध्ये तर कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणारा दांडा, क्रँकशाफ्टच्या वर असतो, त्यामुळे त्याच्यावरचं तेल आधी निथळतं. गंजाचे बारीक खड्डे पडलेला कॅम पुढे त्याला टेकून व्हॉल्व्ह ढकलणाऱ्या टॅपेटला खरवडत राहतो. कॉन्टिनेन्टलचा कॅम खाली असल्याने तो थोडा सुरक्षित, पण सिलिंडर दोन्हीकडे सारखेच गंजतात. याच कारणाने कारखाने ओव्हरहॉलची मुदत तासांत देतात तशी वर्षांतही देतात. कॉन्टिनेन्टलची बारा वर्षं आहे.

दुसरं विमान एका प्रशिक्षण संस्थेचं होतं. रंग उडालेला, खुर्च्यांच्या कडा झिजलेल्या, कार्पेटला डिंकाच्या पट्ट्या. तास भरपूर, आणि शिकाऊंनी आपटलेली लँडिंगंही भरपूर असणार. पण वह्या सलग. दर महिन्याला उड्डाण. एका पानावर कुणीतरी लिहिलं होतं की डाव्या इंजिनाच्या तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब धरून ठेवण्याची ताकद) घटतंय, दहा तासांनी पुन्हा बघावं; आणि बरोबर दहा तासांनी, वेगळ्या शाईत, बघितल्याची नोंद आणि सही. त्या दोन ओळी वाचून मला जो धीर आला तो कुठल्याही नव्या रंगाने आला नसता. ती माणसं मला ठाऊक नाहीत. पण कुणी बघत नसताना त्यांनी काम केलं होतं, आणि लिहून ठेवलं होतं.

मग तपासणी. सहा-सहा सिलिंडरची दोन इंजिनं, प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग, म्हणजे चोवीस प्लग काढून क्रमाने ट्रेमध्ये मांडले. प्रत्येक सिलिंडरमध्ये ८० पौंडाच्या दाबाने हवा सोडायची आणि किती टिकते ते बघायचं. आकड्याइतकंच महत्त्व हवा कुठून निसटते याला. एक्झॉस्टच्या नळकांड्याला कान लावून फुसफुस ऐकू आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, तेल भरायच्या तोंडातून आली तर पिस्टनची रिंग. आकडा जरा कमी आला म्हणून सिलिंडर बाद होत नाही. कॉन्टिनेन्टलचं स्वतःचं म्हणणंही असंच आहे की आकड्याच्या जोडीला आत कॅमेरा घालून बघा. आम्ही बघितलं. निरोगी एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या तोंडावर लालसर-तपकिरी वर्तुळं मधोमध बसलेली असतात. जळायला लागलेल्या व्हॉल्व्हवर ती एका कडेला सरकतात आणि तिथे हिरवट छटा येते. अकरा व्हॉल्व्ह ठीक निघाले. एकावर वर्तुळ किंचित सरकलं होतं, त्याचे पैसे किमतीतून कमी करून घेतले.

शेवटी तेलाचा फिल्टर. त्याचा डबा कटरने गोल कापला, आतला घडीघडीचा कागद पट्टीसारखा उलगडला, पांढऱ्या थाळीत सॉल्व्हंटने धुतला आणि तळाशी बसलेला गाळ उन्हात धरला. काळे ठिसूळ कण म्हणजे कार्बन, तो असतोच. चकाकणारं काही असेल तर चुंबक फिरवायचं. चिकटलं तर पोलाद, म्हणजे कॅम, टॅपेट नाहीतर गिअर. नाही चिकटलं तर ॲल्युमिनियम किंवा ब्राँझ. थाळीभर शोधून डोळ्याला जेमतेम दिसतील असे तीन-चार बारीक कण मिळाले. काकांनी ते चिमट्याने कागदावर घेतले, घडी घालून त्यावर तारीख लिहिली आणि खिशात ठेवली, पुढच्या फिल्टरशी ताडून बघायला. आमच्या शॉपमध्ये नवीन मुलाला मी हाच प्रसंग सांगते.

उजवं इंजिन मी वेगळं बसून बघितलं, कारण सेनेकात ते उलटं फिरतं. बहुतेक जुन्या जोड-इंजिनांच्या विमानांत दोन्ही पंखे एकाच दिशेने फिरतात, त्यामुळे डावं इंजिन जाणं हे उजवं जाण्यापेक्षा जास्त वाईट असतं; उरलेल्या उजव्या पंख्याचा जोर मधल्या रेषेपासून लांब पडतो आणि विमानाला जास्त वळवतो. उलट फिरणाऱ्या पंख्यांमुळे हा फरक मिटतो. माझ्या कसोटीला हे फार मोलाचं आहे, कुठलंही इंजिन उरलं तरी विमान सारखंच वागतं. बदल्यात कॅमशाफ्टसारखे काही भाग डावीकडचे उजवीकडे चालत नाहीत, आणि उलट्या इंजिनाचे सुटे भाग मिळायला वेळ लागतो. मशिन शॉप चालवणारी असूनही इथे मला काही करता येत नाही. विमानाचा भाग मंजुरीच्या कागदासकटच यावा लागतो, मी कितीही अचूक बनवू शकत असले तरी. हा नियम मला पूर्ण मान्य आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात सांगते. विमान आधीच भारतात नोंदलेलं, व्हीटी अक्षरांचं, होतं म्हणून आयातीचा फेरा वाचला. आता बाहेरून आणायचं तर करच जड आहे; वैयक्तिक वापराच्या विमानावरचा जीएसटी सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून ४० टक्के झाला आहे. मालकी बदलाची नोंद डीजीसीएकडे, म्हणजे नागरी विमान वाहतुकीच्या सरकारी महासंचालनालयाकडे, उड्डाणयोग्यतेचं दरवर्षीचं प्रमाणपत्र, मंजूर संस्थेकडूनच देखभाल, आणि माझ्या परवान्यावर मल्टी-इंजिनची आणि या प्रकारच्या विमानाची नोंद. खासगी नोंदणी असल्याने भाडं घेऊन कुणाला नेता येत नाही. विमान स्वतः घोडबंदर रोडवरच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटच्या आसपास पडलं. पण फ्लॅट तासाला ऐंशी-नव्वद लिटर ॲव्हगॅस पीत नाही. हे निळसर रंगाचं शिसेयुक्त पेट्रोल सगळ्या विमानतळांवर मिळतही नाही, बऱ्याच ठिकाणी पिंपातून येतं. पूर्वी सगळं आयात व्हायचं. २०२२ मध्ये इंडियन ऑइलने ते देशात बनवायला सुरुवात केली. ज्याला हा खर्च उधारीवर करावा लागणार असेल त्याने एकाच इंजिनाचं विमान भागीदारीत घ्यावं आणि पोटभर उडवावं, असं मी मनापासून सांगते. कारण पैशांअभावी महिनोन्‌महिने उभं राहिलेलं जोड-इंजिनाचं विमान हे वर सांगितलेल्या पहिल्या विमानासारखंच होतं.

नवी मुंबईचा विमानतळ डिसेंबर २०२५ मध्ये सुरू झाल्यापासून सगळे विचारतात, आता इथूनच उडवणार ना? आमचं विमान धुळ्यालाच राहतं. हँगर तिथे आहे, ओळखीचे एएमई तिथे आहेत, आणि सराव करायला रिकामं आकाश तिथे आहे.

सरावाबद्दल मात्र थोडक्यात सांगून भागणार नाही. वेगाच्या घड्याळावर दोन रेघा असतात. आमच्या विमानात लाल रेघ ६६ नॉटवर, निळी ८९ वर. एक इंजिन पूर्ण जोरात आणि दुसरं बंद असताना वेग लालच्या खाली गेला तर पायाने पूर्ण रडर (शेपटीवरचं सुकाणू) दाबूनही नाक सरळ राहत नाही, विमान बंद इंजिनाच्या बाजूला फिरतं आणि उलटं होऊ शकतं. निळी रेघ म्हणजे एका इंजिनावर सगळ्यात चांगलं चढण्याचा वेग. टेकऑफनंतर इंजिन गेलं की सगळा खेळ या दोन रेघांमधला, आणि तो काही सेकंदांत आटपतो. दोन इंजिनांच्या विमानांचे जीवघेणे अपघात होतात ते पुष्कळदा इथे. एक इंजिन चांगलं चालू असताना.

प्रशिक्षक मला पुरेशा उंचीवर नेतात आणि गप्पा मारता मारता एक थ्रॉटल, म्हणजे इंजिनाचा जोर कमी-जास्त करायचा दांडा, मागे घेतात, कुठला ते नकाशाआड लपवून. नाक एकीकडे झटकन वळतं. पाय आपोआप विरुद्ध बाजूला जातो, आणि तोच पाय उत्तर देतो: जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन मेलं. तरी लगेच हात घालायचा नाही. त्या बाजूचा थ्रॉटल हळू मागे घेऊन खात्री करायची, काहीच बदललं नाही तर तेच. मगच पंख्याची पाती वाऱ्याच्या रेषेत वळवायची, म्हणजे फेदर करायची. तेही फेरे मिनिटाला ८०० च्या खाली जाण्याआधी. त्यानंतर कुलूपपिना बसतात आणि पंखा फेदर होत नाही. शिवाय आमच्या टर्बो इंजिनांना आत जाणाऱ्या हवेच्या दाबाची ४० इंचांची (पाऱ्याच्या) मर्यादा आहे. घाबरून दोन्ही थ्रॉटल पुढे कोंबले तर ओव्हरबूस्टचा दिवा लागतो, म्हणजे जे एक इंजिन उरलंय त्यालाच आपण इजा करतोय. हे सगळं मला घरी आरामखुर्चीत पाठ आहे. आकाशात ते पायात असावं लागतं, आणि पायात ते फार काळ टिकत नाही.

यावरून आम्हा भागीदारांत खरा वाद झाला. डेंटिस्टसाहेबांचं म्हणणं, सहा महिन्यांतून एकदा प्रशिक्षकासोबत बसलं की पुरे. मी तीन महिन्यांवर अडून बसले. शेवटी लिहून ठेवलं: ज्याने गेल्या तीन महिन्यांत एका इंजिनाचा सराव केलेला नाही, त्याने घरच्यांना घेऊन उडायचं नाही, आणि घाटाच्या ढगात तर नाहीच. त्यांच्या बायकोने त्या कागदावर साक्षीदार म्हणून सही केली, मला वाटतं ती सगळ्यात महत्त्वाची सही.

सध्याचा प्रश्न उजव्या इंजिनाचा आहे. त्याला ओव्हरहॉल होऊन पुढच्या वर्षी बारा वर्षं होतील. तास शिल्लक आहेत, कॉम्प्रेशन चांगलं आहे, फिल्टर स्वच्छ निघतो. डेंटिस्टसाहेब म्हणतात, चालतंय तोवर चालवू. काकांचंही ठाम ना नाही. नियमित उडणारं इंजिन वर्षांच्या मुदतीपलीकडे चांगलं चाललेलं त्यांनी पाहिलंय. पण मी डावं इंजिन मनातल्या मनात काढून ठेवते आणि उजव्याकडे बघते. कसाऱ्यावर, ढगात, आई मागे बसलेली असताना हेच एक माझ्याजवळ असेल, तर मला ते कसं हवंय? दिवाळीनंतर ते विमानातून उतरवून ओव्हरहॉलला द्यायचं ठरवलंय. उलट्या इंजिनाचे भाग यायला लागणारा वेळ धरून ऑर्डर आत्ताच द्यावी लागेल, आणि काकांनी इंजिनासोबत माउंटची रबरं, सगळे होज आणि टर्बोचार्जरही त्याच फेरीत करून घ्यायची यादी दिली आहे.